घरच्या दुकानात पत्नीला पगार : आयकर काय म्हणतो

परभणी जिल्ह्यातील एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा सारांश असा : "शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करण्याचे आणि पंपाचे सुटे भाग विकण्याचे माझे दुकान घराच्याच पुढच्या भागात आहे. दुकान माझ्या एकट्याच्या नावावर आहे आणि हिशोबाच्या वह्या मी ठेवतो. माझ्या पत्नीने लग्नाआधी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केला आहे. आज निम्म्याहून जास्त मोटारींचे वाइंडिंग तीच करते, शिवाय उधारीची वही, गिऱ्हाइकांचे फोन आणि घरातले सगळे तिच्याकडेच. २०२५-२६ मध्ये माझा नफा सुमारे १५ लाख रुपये भरतो. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, की बायकोला महिना २५,००० रुपये पगार दाखवा, नफा १२ लाखांवर येईल आणि कर शून्य होईल. हे चालेल का? ती घरकाम करते त्याचेही पैसे खर्चात धरता येतील का? आणि झालेल्या वर्षाचा पगार आता दाखवता येईल का?"

सप्रेम नमस्कार.

आपल्या ओळखीच्या गृहस्थांनी केलेली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. मात्र आयकर कायद्याचे एक कलम तिच्यातून पूर्णपणे सुटले आहे. आधी त्यांची आकडेमोड पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के आणि १२ ते १६ लाखांवर १५ टक्के कर आहे. १५ लाखांच्या नफ्यावर हा कर १,०५,००० रुपये होतो आणि ४ टक्के उपकर धरून १,०९,२०० रुपये भरावे लागतात. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची सवलत मिळून कर शून्यावर येतो. त्यामुळे ३ लाखांचा पगार खर्चात टाकला, की लाखावर रुपये वाचतात, असे कागदावर दिसते.

सुटलेले कलम आहे ६४(१)(ii). ज्या व्यवसायात एखाद्या व्यक्तीचा भरीव हितसंबंध आहे, त्या व्यवसायातून तिच्या पतीला किंवा पत्नीला पगार, कमिशन, फी अथवा अन्य कोणत्याही रूपात मोबदला मिळाला, तर तो मोबदला त्या व्यक्तीच्याच उत्पन्नात मिळवला जातो. व्यवहारात यालाच क्लबिंग म्हणतात. नफ्यात २० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा असला की भरीव हितसंबंध मानला जातो, आणि आपले दुकान एकट्याच्या मालकीचे असल्याने येथे तर वाटा पूर्ण १०० टक्के आहे. याचा अर्थ असा, की ३ लाख रुपये दुकानाच्या खर्चात जातील, नफा १२ लाखांवर येईल आणि तेच ३ लाख पत्नीचे उत्पन्न म्हणून परत आपल्याच एकूण उत्पन्नात येऊन बसतील. मिळालेला फायदा जवळपास सगळा निघून जातो. दुकान पत्नीच्या नावावर असते आणि पगार आपण घेतला असता, तरी नियम हाच राहिला असता. कायदा स्त्री-पुरुष असा भेद येथे करत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि आपल्या पत्राचे खरे उत्तर त्या अपवादात आहे. पगार घेणाऱ्या जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक अर्हता असेल आणि मिळालेले उत्पन्न केवळ त्या तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञानाच्या व अनुभवाच्या वापरातूनच आलेले असेल, तर ते उत्पन्न मालकाच्या नावे मिळवले जात नाही. ते जोडीदाराचे स्वतःचे उत्पन्न ठरते. या वाक्यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात : अर्हता हवी, आणि पैसा त्याच अर्हतेच्या कामाचा हवा.

अर्हता म्हणजे प्रमाणपत्र किंवा पदवीच हवी का, यावर न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका प्रकरणात उदार अर्थ लावला आणि विद्यापीठाचा किंवा संस्थेचा कागद नसला तरी कामाचे खरे कौशल्य असणे पुरेसे ठरू शकते, असे मत दिले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र अधिक काटेकोर भूमिका घेतली. तेथे एका डॉक्टरांनी दवाखान्यात स्वागतिका आणि हिशोबनीस म्हणून काम करणाऱ्या पत्नीला पगार दिला होता. पत्नीकडे तशी तांत्रिक किंवा व्यावसायिक अर्हता नव्हती, आणि तो पगार डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरला गेला. आपण मराठवाड्यात राहता, छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ हे मुंबई उच्च न्यायालयाचेच आहे, त्यामुळे आपल्याला मुंबईच्या भूमिकेचाच विचार करून चालावे लागेल.

येथेच आपली बाजू इतर अनेक दुकानदारांपेक्षा चांगली आहे. गल्ल्यावर बसणारी, फोन घेणारी, माल मोजून देणारी पत्नी दिवसभर राबत असली तरी या अपवादात बसवणे फार अवघड असते. आपल्या पत्नीकडे इलेक्ट्रिशियन ट्रेडचे प्रमाणपत्र आहे आणि त्या करत असलेले काम थेट त्याच विद्येचे आहे. जळालेल्या मोटारीतली जुनी कॉइल काढताना फेरे मोजणे, तारेचा गेज ओळखणे, स्लॉटमध्ये इन्सुलेशन पेपर बसवून नवी कॉइल भरणे, जोडण्या करून मोटार टेस्ट करणे, हे काम कोणी येता-जाता शिकत नाही. व्होल्टेज कमी आले किंवा एक फेज गेला, की रब्बीच्या पाण्याच्या पाळ्यांत एकामागून एक मोटारी जळून दुकानात येतात आणि अशा वेळी चांगला वाइंडर मिळवण्यासाठी दुकानदार किती धडपडतात, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या पत्नी कुशल कारागीर आहेत आणि त्यांना कारागिराचा मोबदला मिळालाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर वाचो अथवा न वाचो.

आता दुसरी अट. उत्पन्न "केवळ" तांत्रिक ज्ञानातून आले पाहिजे, हा शब्द आपल्याला अडचणीत आणू शकतो, कारण आपण स्वतःच लिहिले आहे, की वाइंडिंगबरोबर उधारीची वही आणि फोनही त्याच पाहतात. "दुकानातील सर्व कामांसाठी महिना २५,००० रुपये" असे एकच ढोबळ व्हाउचर केले, तर त्यातले किती कॉइलचे आणि किती वहीचे, असा प्रश्न विचारण्यास आयकर अधिकाऱ्याला पूर्ण वाव राहील. म्हणून पगार वाइंडिंगच्या कामालाच बांधावा, आणि शक्य असेल तर महिन्यावारी न देता नगावर द्यावा. मोटार किती एचपीची, मोनोब्लॉक की सबमर्सिबल, त्यानुसार एका वाइंडिंगची मजुरी ठरवून घ्यावी आणि दुकानातल्या जॉब रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा. आलेल्या तारखेपुढे गिऱ्हाइकाचे गाव, मोटारीचा एचपी, तारेचा गेज, फेरे आणि शेवटी वाइंडिंग कोणी केले त्याची सही. ती सही त्या त्या दिवशी पत्नीने स्वतः करावी. वर्षाच्या शेवटी त्या रजिस्टरची बेरीज आणि त्यांच्या खात्यात गेलेली रक्कम एकमेकांशी जुळली, तर कोणत्याही वकिली युक्तिवादापेक्षा ती वही अधिक बोलते.

उधारीच्या वहीचे काय करावे? ते काम त्या करत राहिल्या तरी हरकत नाही, पण त्याचा वेगळा पगार दाखवू नये असे मी सुचवेन. तो भाग अपवादात बसणार नाही, आपल्याच उत्पन्नात येईल, आणि १२ लाखांच्या काठावर उभे असताना असे थोडेसे उत्पन्न फार महाग पडते. १२ लाखांची सीमा ओलांडली की ८७अ ची सवलत संपते. सीमांत सवलतीमुळे कर वाढीव रकमेपेक्षा जास्त होत नाही इतकेच, पण सुरुवातीच्या सुमारे ७० हजार रुपयांपुरती ती वाढीव रक्कम सगळीच्या सगळी करात जाते.

रकमेबद्दलही जपावे लागेल. कलम ४०अ(२) प्रमाणे नातेवाइकाला दिलेला मोबदला बाजारभावाच्या मानाने अवाजवी असेल, तर जास्तीचा भाग खर्च म्हणून नाकारता येतो. २५,००० हा आकडा आपल्या गृहस्थांनी नफा १२ लाखांवर आणण्यासाठी उलटीकडून काढलेला आहे, आणि असा आकडा तपासणीत लगेच ओळखू येतो. आपण सुलटीकडून चला. मोंढ्यातल्या इतर दुकानांत बाहेरच्या वाइंडरला एका मोटारीचे काय देतात ते दोन-तीन ठिकाणी विचारा, आपल्या पत्नीने वर्षात किती मोटारी केल्या ते रजिस्टरवरून पाहा आणि गुणाकार करा. तो २५,००० च्या वर गेला तर वरची रक्कम द्यावी, खाली आला तर खालची. नफा १२ लाखांच्या नेमका कुठे थांबतो याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसावा.

पैसे बँकेतूनच द्यावेत. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर कलम ४०अ(३) खाली तो खर्च मंजूर होत नाही, हे एक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की पैसा खरोखर पत्नीच्या हाती गेला पाहिजे. पाच तारखेला खात्यात २५,००० जमा आणि सहा तारखेला त्यातले २४,००० यूपीआयने परत दुकानाच्या खात्यात, अशा नोंदी बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला दिसल्या, तर त्या पगाराला पगार म्हणणे कठीण आहे. त्या पैशाचे काय करायचे हे त्यांनी ठरवावे. त्यांनी घरात खर्च केला, माहेरी दिला, सोन्यात घातला किंवा मुदत ठेवीत ठेवला, तो त्यांचा प्रश्न आहे. खोटा खर्च दाखवून उत्पन्न कमी केल्याचे सिद्ध झाले, तर कलम २७०अ खाली बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नसून आपल्या ओळखीच्या गृहस्थांनी "दाखवा" हा शब्द वापरला म्हणून लिहीत आहे. पगार दाखवायचा नसतो, द्यायचा असतो.

एक छोटी गोष्ट आपल्याला सोयीची आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही. वर्षाचे ३ लाख हे करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने, त्यांचे दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर पगारातून टीडीएस कापण्याचाही प्रश्न येत नाही. तरीही त्यांनी आपल्या पॅनवर स्वतःचे विवरणपत्र दरवर्षी भरावे. पुढे त्यांना स्वतःच्या नावे कर्ज घ्यायचे झाले, तर बँक पहिली मागणी त्याचीच करते.

आपण हिशोबाच्या वह्या ठेवता, हे फार बरे आहे. अनेक छोटे व्यावसायिक कलम ४४अड खाली उलाढालीच्या ८ टक्के, आणि डिजिटल जमेवर ६ टक्के, असा अनुमानित नफा दाखवतात. त्या योजनेत सर्व खर्च आधीच वजा झाले असे मानले जाते, त्यामुळे पत्नीचा पगार त्या नफ्यातून पुन्हा वजा करता येत नाही. तरीही पगाराची नोंद ठेवली आणि तो पगार अपवादात बसला नाही, तर खर्चाची वजावट नाही आणि वर क्लबिंग, अशा दुहेरी कात्रीत माणूस सापडतो. आपल्या भागातील ज्या दुकानदारांनी ही योजना घेतली आहे, त्यांनी पगाराचा विचार करण्यापूर्वी आपल्या सीएशी एवढ्या एका मुद्द्यावर अवश्य बोलावे.

आता घरकामाबद्दल. आपण विचारलेला प्रश्न अनेक जण मनात ठेवतात आणि विचारत नाहीत, म्हणून तो विचारल्याबद्दल आपले आभार. कायद्याचे उत्तर मात्र नकाराचे आहे. कलम ३७ खाली खर्च मंजूर होण्यासाठी तो संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा लागतो आणि तो वैयक्तिक स्वरूपाचा नसावा. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी हा दुकानाचा खर्च ठरत नाही, मग दुकान ओसरीत असो की मोंढ्यात. दुकानात काम करणाऱ्या पोरांना रोज दुपारी घरून डबा जात असेल, तर त्या शिध्याचा वाजवी खर्च दुकानाच्या खर्चात धरता येईल. पण स्वयंपाक करण्याची मजुरी म्हणून पत्नीला काही दिले, तर ते अपवादात बसणार नाही.

घरखर्चासाठी किंवा त्यांच्या स्वतःच्या हौसेसाठी आपण पत्नीला जे पैसे देता, त्यावर त्यांना कर लागत नाही, कारण जोडीदाराने दिलेली भेट करमुक्त आहे. आपल्यालाही त्याची वजावट नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे, की आपण मोठी रक्कम भेट दिली आणि त्यांनी ती गुंतवली, तर कलम ६४(१)(iv) प्रमाणे त्या गुंतवणुकीचे उत्पन्न आपल्या नावे मिळवले जाते. याच्या उलट, कामाच्या मोबदल्यातून त्यांनी जे साठवले त्यावरचे व्याज त्यांचेच राहते, कारण तो पैसा भेट म्हणून आलेला नसतो. समजा पुढे-मागे पगाराबाबत विभागाने आपले म्हणणे मान्य केले नाही आणि तो आपल्या उत्पन्नात मिळवला, तरीही त्या पगारातून उभ्या राहिलेल्या ठेवीचे व्याज पत्नीचेच धरले जाते. कराचा एक वर्षाचा फायदा गेला तरी दहा वर्षांनी त्यांच्या नावावर त्यांच्या श्रमाची स्वतंत्र पुंजी असते, आणि मला वैयक्तिकरीत्या हा भाग लाखभर रुपयांच्या करापेक्षा मोठा वाटतो.

घरकामाला मोल नाही असे कायदा सरसकट म्हणत नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या एका प्रकरणात भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरलेच पाहिजे, असे सविस्तर लिहिले. पण ती भरपाईची बाब झाली. आयकरात त्या मूल्याची वजावट आजतरी नाही.

आपल्या पत्नीची तयारी असेल तर आणखी एक मार्ग विचारात घ्यावा. त्या स्वतःच्या नावाने वाइंडिंगचे काम सुरू करू शकतात. उद्यम नोंदणी, स्वतःचे चालू खाते, स्वतःची पावती, आणि केवळ आपल्या दुकानाचे नव्हे तर इतर पंपवाल्यांचे आणि थेट शेतकऱ्यांचेही काम. बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून आलेले उत्पन्न त्यांचे स्वतःचे असते आणि त्याला ६४(१)(ii) लागू होत नाही. त्या फक्त आपल्याच दुकानाची कामे घेणार असतील, तर नाव बदलूनही प्रश्न तोच राहतो, हे ध्यानात असावे. भांडवल आपण भेट म्हणून दिले, तर त्या प्रमाणात नफ्याचा भाग आपल्याकडे येऊ शकतो. म्हणून ते त्यांच्या बचतीतून, बँकेच्या कर्जातून किंवा आपल्याकडून लेखी, व्याजासह आणि खरोखर फेडल्या जाणाऱ्या उसनवारीतून उभे करावे.

भागीदारी फर्मचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईल. आपल्या उत्पन्नाच्या पातळीवर मला तो पटत नाही. फर्मच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, भागीदारांच्या मोबदल्याला मर्यादा आहेत, १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक मोबदल्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि एवढे करून क्लबिंगचा प्रश्न पुसला जातोच असे नाही.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि "कर वर्ष" हा शब्द आला आहे, पण जोडीदाराच्या मोबदल्याचा नियम आणि तांत्रिक अर्हतेचा अपवाद तसाच ठेवलेला आहे. २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचे आहे, आणि वर दिलेले क्रमांक त्याच कायद्यातले आहेत.

राहिला शेवटचा प्रश्न, झालेल्या वर्षाचा पगार आता दाखवण्याचा. तो दाखवू नये. वर्षभरात पत्नीच्या खात्यात एक रुपयाही गेलेला नाही, रजिस्टरमध्ये त्यांची सही नाही, आणि आता बारा व्हाउचरवर मागच्या तारखा घालून सह्या घेतल्या तर तो बनावट पुरावा ठरेल. त्यातून पत्नीही त्या खोटेपणात ओढल्या जातील. २०२५-२६ चा कर १५ लाखांवर हिशोब करून भरून टाकावा. या महिन्यापासून मजुरीचे दर लिहून काढा, दोघांनी त्यावर सही करा, त्यांच्या आयटीआयच्या प्रमाणपत्राची एक प्रत दुकानाच्या फाइलमध्ये लावा, आणि मूळ प्रमाणपत्र गहाळ झाले असेल तर त्याच संस्थेकडे दुय्यम प्रतीसाठी आताच अर्ज करा.